क्रूसध्यानाची परंपरा व तिचा मराठींत प्रवेश

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लेखन झालें आहे त्याचा बहुतेक भर भाषेवर आहे. ग्रंथांतील मराठी कोणत्या प्रांताची, तींत कोंकणीची भेसळ किती, रोमन लिपींतील उच्चार कसे वाचावे, ज्ञानेश्वर-एकनाथांचें ऋण कोठें दिसतें, या प्रश्नांचा ऊहापोह विद्वानांनीं केला आहे, आणि तो आवश्यकच होता. परंतु ज्यांनीं हा ग्रंथ घरोघर व देवळांत ऐकला ते भाषाशास्त्राकरितां ऐकत नव्हते. ईस्टरच्या पूर्वीं चाळीस दिवस उपवास करावा, आणि त्या दिवसांत ख्रिस्ताचें दुःखसहन व मरण डोळ्यांपुढें आणून त्याचें चिंतन करावें, असा ख्रिस्ती लोकांचा परिपाठ आहे. त्या चिंतनास शब्द पुरविणें हें अशा ग्रंथांचें एक मोठें कार्य होतें. हें चिंतन मूळचें कोठलें, तें इतकें खाजगी व करुण केव्हां झालें, आणि मराठींत आल्यावर त्यास कोणतें रूप मिळालें, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

ईस्टरची तिथि चंद्रावर अवलंबून असते हें आपल्याकडील पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा स्थूल नियम आहे. त्यामुळें हा सण बहुधा फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. तो सर्व मंडळ्यांनीं एकाच दिवशीं पाळावा असें ३२५ सालीं निकाय येथील धर्मपरिषदेनें ठरविलें. त्याच्या आधींचा शुक्रवार हा क्रूसारोहणाचा दिवस होय.

आतां मूळ घटनेची त्या काळची किंमत पाहूं. क्रूसावर खिळणें ही रोमन राज्यांत गुलामांची, बंडखोरांची व लुटारूंची शिक्षा होती. स्पार्टाकस याच्या नेतृत्वाखालीं गुलामांनीं केलेलें बंड इ. स. पूर्वीं ७१ मध्यें मोडलें, तेव्हां कापुआपासून रोमपर्यंतच्या राजरस्त्यावर सहा हजार कैदी क्रूसावर टांगण्यात आले. इ. स. पूर्वीं ६३ मध्यें सिसेरो यानें एका खटल्यांतील भाषणांत म्हटलें कीं, क्रूस ही वस्तु तर राहोच, तो शब्दसुद्धां रोमन नागरिकाच्या डोळ्यांपासून, कानांपासून व विचारापासून दूर असावा. पंतय पिलात हा यहूदियाचा अधिकारी असतां, इ. स. ३० च्या सुमारास, येशूला हें मरण आलें. म्हणजे ज्या शब्दाचा उच्चार सभ्य माणसानें करूं नये, तो शब्द त्याच्या अनुयायांस आपल्या श्रद्धेच्या मध्यभागीं ठेवावा लागला.

शेजाऱ्यांस हें किती हास्यास्पद वाटत असेल याचा एक पुरावा रोम शहरांतील पालातिन टेकडीवर १८५७ सालीं सांपडला. एका भिंतीच्या गिलाव्यावर कोणी टवाळखोरानें ओरखडून काढलेलें चित्र आहे: क्रूसावर टांगलेला, गाढवाचें डोकें असलेला एक मनुष्य, आणि त्याच्यापुढें हात उंचावून उभा असलेला दुसरा. खालीं ग्रीक भाषेंत, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करीत आहे, अशा अर्थाचे शब्द आहेत. हें चित्र बहुतेकांच्या मतें तिसऱ्या शतकाच्या आसपासचें आहे. क्रूसारोहणाच्या उपलब्ध चित्रांत जें अत्यंत जुनें, त्यांत याची गणना होते, आणि तें विडंबनाचें आहे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ख्रिस्ती लोकांनीं आपल्या भूमिगत दफनस्थानांत त्या काळीं मेंढपाळ काढला, मासा काढला, माशाच्या पोटांतून सुटलेला योना काढला. क्रूसारोहण काढलें नाहीं. ज्यांनीं ती शिक्षा प्रत्यक्ष पाहिली होती त्यांस तिचें ध्यान करण्याची गरज नव्हती, आणि तसें धैर्यही होत नसावें.

चौथ्या शतकांत कॉन्स्टंटाइन बादशहाच्या कारकीर्दींत पारडें फिरलें. क्रूसाची शिक्षा त्यानें बंद केली असें पुढील इतिहासकार सांगतात. यरुशलेमांत ख्रिस्ताच्या कबरीवर बांधलेल्या मंदिराची प्रतिष्ठा ३३५ सालीं झाली, आणि क्रूसाचें लांकूड सांपडल्याची वार्ता सर्वत्र पसरली. सुमारें पन्नास वर्षांनीं एगेरिया नांवाची एक पाश्चात्य यात्रेकरू स्त्री तेथें गेली. तिनें आपल्या भगिनींसाठीं लिहिलेल्या वृत्तांताची खंडित प्रत १८८४ सालीं इटलींतील आरेत्सो येथें उजेडांत आली. त्या शुक्रवारचें तिनें केलेलें वर्णन इतकें जिवंत आहे कीं तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. सकाळीं बिशप आसनावर बसतो. पुढें वस्त्र घातलेलें मेज. त्यावर रुप्याच्या पेटींतून क्रूसाचें लांकूड काढून ठेवितात. बिशप त्याचीं दोन्ही टोकें हातांनीं घट्ट धरितो व सेवक सभोंवार पहारा करितात. लोक एकेक करून वांकतात, कपाळ लावितात, डोळे लावितात, चुंबन घेतात व पुढें जातात. हात मात्र कोणी लावावयाचा नाहीं. हा पहारा कशासाठीं? तर पूर्वीं एकदां कोणी भक्तानें चुंबनाच्या मिषानें लांकडाचा तुकडा दातांनीं तोडून पळविला होता! त्यानंतर दुपारीं सहाव्या होरेपासून नवव्या होरेपर्यंत, म्हणजे ख्रिस्त क्रूसावर असल्याचे मानलेले तीन तास, शास्त्रपठन चालतें, आणि लहानथोर असा कोणीही रडल्यावांचून राहत नाहीं, असें ती म्हणते.

वस्तु डोळ्यांस लावण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. परंतु येथें एक भेद लक्षांत घ्यावा. एगेरियेच्या यरुशलेमांत स्मरणास स्थळाचा व वस्तूचा आधार होता. जो तेथें जाऊं शकत नाहीं, त्यानें काय करावें हा प्रश्न पुढील हजार वर्षें युरोपांत वेगवेगळ्या प्रकारें सुटत गेला.

प्रथम सुटला तो विजयाच्या भाषेंत. रोम येथील सांता साबिना मंदिराच्या लांकडी दारावर पांचव्या शतकांतील क्रूसारोहण कोरलेलें आहे. त्यांत ख्रिस्त डोळे उघडे ठेवून, हात पसरून उभा आहे. मागचें लांकूड जवळजवळ दिसतच नाहीं. ५६९ सालीं बादशहा दुसरा जस्टिन यानें पाठविलेला क्रूसाचा अंश प्वातिए येथें राणी रादेगुंद हिच्या मठांत आला. त्या प्रसंगासाठीं फोर्तुनातुस कवीनें रचलेल्या स्तोत्रांत क्रूस हा राजाचा ध्वज झालेला आहे. या ख्रिस्ताला पाहून मस्तक नमवावें. त्याच्याकरितां रडण्याचें कारण नाहीं.

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोलोनचा आर्चबिशप गेरो यानें एक लांकडी मूर्ति करविली असें मानतात. ती त्या शहराच्या मुख्य मंदिरांत आहे. पूर्ण माणसाएवढी ही मूर्ति. मान खालीं पडलेली, डोळे मिटलेले, पोट ओघळलेलें, देहाचा भार हातांवर आलेला. सांता साबिनाच्या दारापासून या मूर्तीपर्यंत पांचशें वर्षांचें अंतर आहे, आणि त्या अंतरांत पाहणाऱ्याची भूमिकाच बदलली. देव मेला आहे, आणि भक्त त्या प्रेतासमोर उभा आहे.

यानंतर हें ध्यान मठवासीयांच्या खोलींत शिरलें. अॅन्सेल्मच्या प्रार्थना, क्लेर्व्होच्या बर्नार्डचीं प्रवचनें, यांचा ओघ एकच. इंग्लंडांतील रीव्हो मठाचा प्रमुख एल्रेड (मृत्यु ११६७) यानें एकांतवास पत्करलेल्या आपल्या बहिणीस पत्ररूपानें जो उपदेश लिहिला, त्यांत ती जणूं प्रसंगांत प्रत्यक्ष हजर आहे असें समजून तो तिला पुढें जा, तेथें बस, पाय धर, असें सांगतो. १२२४ सालीं असीसीच्या फ्रान्सिसाच्या देहावर क्रूसाच्या पांच जखमा उमटल्या अशी ख्याति झाली; तेव्हांपासून फ्रान्सिस्कन संन्याशांनीं ही भक्ति गांवोगांव नेली.

चौदाव्या शतकाच्या आरंभीं अशाच एका फ्रान्सिस्कनानें एका जोगिणीसाठीं ख्रिस्तचरित्राचीं मननें लिहिलीं. बरेच दिवस हा ग्रंथ बोनाव्हेंतुरा याच्या नांवावर चालला. तो त्याचा नव्हे हें आतां सर्वमान्य आहे. यांतील क्रूसारोहणाच्या ठिकाणीं लेखक एक विलक्षण गोष्ट करितो. उभ्या क्रूसाला शिड्या लावून ख्रिस्ताला वर चढविलें व खिळलें, असें तो प्रथम तपशिलानें वर्णितो. मग म्हणतो कीं, क्रूस जमिनीवर पसरून आधीं खिळलें व मागाहून उभा केला असें मानणारेही आहेत. तुला जें रुचेल तें डोळ्यांपुढें आण. आमच्या संशोधकी बुद्धीस येथें अडखळल्यासारखें होतें. दोहोंपैकीं एक खरें असलें पाहिजे, मग लेखक निवाडा कां करीत नाहीं? त्याचें कारण स्पष्ट आहे: त्यास इतिहास लिहावयाचा नव्हता, वाचणारीला तेथें नेऊन उभें करावयाचें होतें. आपल्या मानसपूजेंत व ध्यानश्लोकांत मनानें मूर्ति उभी करण्याचा विधि आहेच. परंतु ध्यानश्लोकांतील आयुधें, वर्ण, भुजा हीं ठरलेलीं असतात व साधकानें त्यांत आपल्या पदरची भर घालावयाची नसते. येथें साधकाला प्रसंगाची रचना स्वतः करण्याची मोकळीक आहे, आणि तो स्वतःही त्या प्रसंगांतील एक पात्र होतो. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

या भक्तीची एक काळी बाजू आहे. ती वगळून लिहिलेला इतिहास हा इतिहास नव्हे. ख्रिस्ताच्या जखमा मोजणाऱ्यास, या कोणीं केल्या, असा प्रश्न पडतो, आणि त्याचें सोपें उत्तर युरोपांत शेजारच्या यहुदी आळींत मिळत असे. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेनें ईस्टरपूर्व शोकाच्या दिवसांत यहुद्यांनीं घराबाहेर पडूं नये असा नियम केला, यावरून त्या दिवसांतील वातावरण समजतें. १५०६ सालच्या एप्रिलांत लिस्बन येथें एका मठांतील क्रूसमूर्तीवर तेज दिसल्याची आवई उठली. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्यानें त्याविषयीं शंका काढली. लोकांनीं त्यास तेथेंच ठार केलें. ईस्टरनंतरच्या रविवारीं सुरू झालेल्या या कत्तलींत निदान दोन हजार माणसें मेलीं असें समजतात. ही घटना ज्या पोर्तुगालांत घडली त्याच पोर्तुगालानें चार वर्षांनीं गोवें घेतलें, हें पुढील मजकूर वाचतांना लक्षांत ठेवावें.

लूथरला हा दोष दिसला होता. १५१९ सालीं त्यानें ख्रिस्ताच्या दुःखाचें चिंतन कसें करावें यावर एक छोटेखानी प्रवचन प्रसिद्ध केलें. यहुद्यांवर चरफडणारे, चित्रें व ताईत जवळ बाळगून आपलीं संकटें टाळूं पाहणारे, आणि ख्रिस्ताची कींव करून नुसते रडणारे, अशा सर्वांचा समाचार घेऊन तो म्हणतो कीं हे खिळे तूंच ठोकले आहेस हें ज्यास कळलें नाहीं त्याचें चिंतन सुरूच झालेलें नाहीं. (हाच लूथर म्हातारपणीं यहुद्यांविरुद्ध भयंकर लिहून गेला, तो विषय निराळा.) रोमन कॅथलिक धर्मपीठानें यहुदी लोकांवरील हा सरसकट आरोप १९६५ सालीं व्हॅटिकन परिषदेंत अधिकृतपणें दूर केला.

लूथरच्या प्रवचनानंतर दोनच वर्षांनीं, १५२१ सालीं, इग्नेशियस लोयोला हा स्पॅनिश शिपाई पाम्प्लोना येथें पायाला गोळा लागून जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यानें लुडोल्फ या कार्थूशियन संन्याशाचें ख्रिस्तचरित्र वाचलें; तेंही वर सांगितलेल्या मननपरंपरेंतलेंच. पुढें त्यानें जो साधनाभ्यास रचला, व जो पोपच्या मान्यतेनें १५४८ सालीं छापला गेला, त्याचे चार सप्ताह आहेत आणि तिसरा सर्वस्वीं ख्रिस्ताच्या दुःखाला दिलेला आहे. प्रथम स्थलकल्पना करावी: बेथानीपासून यरुशलेमास जाणारा रस्ता रुंद आहे कीं अरुंद, सपाट आहे कीं कसा, हें मनानें पाहावें. मग माणसें पाहावीं, त्यांचें बोलणें ऐकावें, तीं काय करितात तें निरखावें. शेवटीं मित्र मित्राशीं बोलतो तसें ख्रिस्ताशीं बोलावें. पहिल्याच सप्ताहांत क्रूसापुढें बसून साधकानें स्वतःला विचारावयाचें असतें कीं मीं याच्याकरितां काय केलें, काय करीत आहें, काय केलें पाहिजे. म्हणजे लूथर आणि लोयोला हे परस्परविरोधी पक्षांचे धुरीण या एका ठिकाणीं फारसे दूर नाहींत. जेसुइट संघांत शिरणाऱ्या प्रत्येक उमेदवारास हा महिन्याचा अभ्यास करावा लागे.

अशा उमेदवारांपैकीं एक थॉमस स्टीफन्स हा होता. विल्टशर परगण्यांतला हा इंग्रज १५७५ सालीं रोम येथें संघांत दाखल झाला, १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघाला व ऑक्टोबरांत गोव्यास पोंचला. पुढचीं सुमारें चाळीस वर्षें त्यानें बहुतांशीं साष्टी प्रांतांत काढलीं व १६१९ सालीं तो वारला. त्याची साष्टी कशी होती? १५६७ सालीं तेथील देवळें पाडलीं गेलीं होतीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्याच्या चार जेसुइट सोबत्यांस ठार केलें, आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनीं कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांस मारिलें. मेलेल्या पाद्र्यांच्या प्रेतांची व्यवस्था लावण्याचें काम स्टीफन्सच्या वाट्यास आलें होतें. गोव्यांत इन्क्विझिशन १५६० पासून चालू होतें.

या भूमीवर ख्रिस्तपुराण निर्माण झालें. ग्रंथाच्या आरंभींच त्याच्या उत्पत्तीची कथा आहे: पाद्री मुलांस धर्मतत्त्वें शिकवीत असतां एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण उठून म्हणतो कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास कांहीं द्या. या मागणीचा अर्थ दोन बाजूंनीं लागतो. मिशनचे चरित्रकार तींत नव्या श्रद्धेची भूक पाहतात. आमच्या बाजूच्या टीकाकारांस तींत हिरावून घेतलेल्या ठेव्याचें दुःख दिसतें. आमच्या मतें हीं दोन्ही वाचनें खरीं आहेत आणि एकानें दुसऱ्यास खोडून काढतां येत नाहीं. ज्याच्या आजानें शिवलीलेच्या कथेंत डोळे पुसले त्याला डोळे पुसण्यासाठीं कथा हवी होती. बळानें किंवा परिस्थितीच्या रेट्यानें ज्याचा धर्म बदलला, त्याच्या नातवाचें उपवासाच्या दिवसांतील रडणें खोटें ठरविण्याचा अधिकार इतिहासकारास नाहीं. तसेंच त्या रडण्याकडे बोट दाखवून आजावर झालेला जुलूम सौम्य करण्याचाही नाहीं.

ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. नागरी ठसे नव्हते. देशी अक्षरांत छपाई व्हावी अशी इच्छा स्टीफन्सनें १६०८ सालच्या पत्रांत रोमला कळविली होती, ती फलद्रूप झाली नाहीं. पहिलें पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळापर्यंत, दुसरें ख्रिस्तचरित्राचें. दोन्ही मिळून ओव्या सुमारें अकरा हजार. शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळावयाची नाहीं म्हणून तींत सोपे देशी शब्द मिसळले असें कर्त्यानेंच गद्य प्रस्तावनेंत सांगितलें आहे. १६४९ व १६५४ सालीं पुन्हा आवृत्त्या निघाल्या, यावरून मागणी दिसते. रविवारीं व सणावारीं देवळांत तें वाचून दाखवीत.

येथें आमच्या विषयाचा मुद्दा येतो. लोयोलाचा साधक एकटा, दार लावून बसलेला असतो. पुराण हें वाचावयाचें, एकानें सांगावयाचें व अनेकांनीं ऐकावयाचें. मग त्या खाजगी ध्यानाचें पुराणांत काय झालें? वरवर पाहतां वाटेल कीं तें हरवलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. पुराणिक काय करितो हें ज्यांनीं लहानपणीं पाहिलें आहे त्यांस स्थलकल्पना नवी नाहीं. द्रौपदीला सभेंत ओढून आणतात त्या ठिकाणीं पुराणिक सभेचे खांब, दुःशासनाची मूठ, भीष्माची खालीं गेलेली मान, हें सर्व उभें करितो. आणि श्रोत्यांतील प्रत्येक बाई त्या गर्दींतही एकटीच रडते. ओवीचे तीन चरण प्रसंग पुढें नेतात व आखूड चौथा चरण मनाला टेकावयास जागा देतो. इग्नेशियसनें ज्या गोष्टी शिष्याकडून प्रयत्नानें करवून घेतल्या त्या करून देणारा एक वाङ्मयप्रकार मराठींत तयार होता. स्टीफन्सनें तो ओळखला, यांत त्याचें चातुर्य आहे. एकनाथी भागवत पुरें झालें १५७३ सालीं. म्हणजे सहा वर्षांनीं गोव्यास उतरलेल्या या परदेशी माणसास जी ओवी ऐकूं आली ती पूर्ण भरांत आलेली होती.

पुढें याच सरकारानें त्या ओवीच्या भाषेवर शस्त्र धरलें. १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागण्याचा हुकूम काढला. हुकूम अंमलांत पुरता आला नाहीं, पण देशी ग्रंथांची वाताहत झाली. ख्रिस्तपुराणाच्या मूळ तीन आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज ठाऊक नाहीं. जें वांचलें तें गोव्याबाहेर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें नकलून ठेवलेलें. त्या प्रतींवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत आवृत्ति काढली. लंडनांतील मार्सडेन संग्रहांत एक नागरी हस्तलिखित असल्याचें जस्टिन अॅबट यांनीं नंतर निदर्शनास आणिलें. त्यांत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं ठिकठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. शांताराम बंडेलू यांची नागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली.

वसईकडील शाखा निराळी आहे. फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारायंश या पाद्रीचें १६५९ सालचें पुराण मुख्यतः ख्रिस्ताच्या दुःखसहनावर व मरणावरच आहे, आणि तेथील ख्रिस्ती लोकांच्या बोलीच्या जवळचें आहे. चिमाजी आप्पानें १७३९ सालीं वसई घेतली, पोर्तुगीज गेले, तरी उपवासाच्या दिवसांत हें पुराण गाण्याचा रिवाज उत्तर कोंकणांतील व मुंबईंतील ख्रिस्ती वस्त्यांत टिकला, आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत त्याचें पुनर्मुद्रण झालें. गोमंतकांत अठराव्या शतकांत जोआकिम द मिरांदा या पाद्रीनें बागेंतील त्या शेवटच्या रात्रीपासून आरंभ करून एक कोंकणी शोकगीत रचिलें, तें लोकांच्या तोंडीं बसलें. ओव्यांचीं मोठीं पुराणें मागें पडलीं तेव्हां हें काम अशा गीतांनीं केलें.

शेवटीं एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. पोर्तुगीज 'क्रूझ' या शब्दापासून आलेलीं क्रूस, खुरीस हीं रूपें गोमंतकांत रूढ झालीं. हा शब्द मराठी कानास कोरा होता. त्यास ना दुर्गंध ना रक्त. वाटेच्या कडेला पांढरा चुना लावलेला, सायंकाळीं दिवा लागणारा, गळ्यांत सोन्याचा करून घालावयाचा असा तो प्रथमपासूनच पवित्र म्हणून आला. सिसेरोला ज्या शब्दानें शिसारी येई तीच वस्तु येथें निव्वळ मंगल चिन्ह झाली. वास्तविक आपल्या भाषेंत त्या शिसारीच्या जवळ जाणारा शब्द होता, तो सूळ. संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास येथें दोन प्रसंग आठवल्यावांचून राहणार नाहींत. मृच्छकटिकाच्या दहाव्या अंकांत निरपराधी चारुदत्तास चांडाळ वध्यस्थानीं नेतात. त्याच्या गळ्यांत कण्हेरीची माळ आहे आणि ज्यावर मरावयाचें तो सूळ त्यानें स्वतःच्याच खांद्यावर घेतला आहे. नगरांतील लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून रडत आहेत. यरुशलेमच्या रस्त्याशीं याचें साम्य अंगावर शहारे आणणारें आहे. परंतु आमच्या नाट्यशास्त्राचा दंडक असा कीं नायकाचा वध दाखवूं नये. धनंजयानें दशरूपांत तो स्पष्ट घातला आहे. म्हणून चारुदत्त वांचतो. भासाचें ऊरुभंग हा अपवाद, आणि तें नाटक १९१२ सालापर्यंत कोणास ठाऊकही नव्हतें. दुसरा प्रसंग महाभारताच्या आदिपर्वांतील अणीमांडव्याचा. मौनव्रती ऋषीला चोरांबरोबर सुळावर देतात, तो सुळावरच तप करितो. राजा पायां पडतो त्यास तो क्षमा करितो, पण ज्या धर्मानें बालपणींच्या क्षुल्लक अपराधासाठीं ही शिक्षा योजिली त्यास शाप देतो. चोरांमध्यें सुळावर असलेला निष्पाप पुरुष, हें चित्र आपल्याकडे होतें. तेथून पुढें मात्र दोन्ही कथा वेगळ्या वाटांनीं जातात: मांडव्य न्यायाचा हिशेब मागतो, ख्रिस्त हिशेब मागतच नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या भाषांतरांतून 'वधस्तंभ' हा शब्द मराठींत रुळला. तो जड आहे, ओवींत बसावयास कठीण, आणि स्तंभ म्हटल्यानें आडव्या लांकडाची कल्पना येत नाहीं, हे आक्षेप आम्हांस मान्य आहेत. तरीही त्यांत 'वध' आहे. जुन्या ख्रिस्ती कुटुंबांतील माणसाच्या तोंडीं क्रूस येतो आणि नव्या करारांतून वाचणाऱ्याच्या तोंडीं वधस्तंभ. एकांत पूजेचीं तीन शतकें आहेत, दुसऱ्यांत पिलाताचा चौक आहे. गेरोच्या मूर्तिकारानें उघडे डोळे मिटविले, त्या जोगिणीच्या गुरूनें शिड्या लावल्या, लूथरनें खिळे वाचकाच्या हातांत दिले. पवित्र झालेल्या चिन्हाखालीं दडलेलें क्रौर्य पुन्हा उघडें करण्याचा तोच उद्योग मराठींत या एका सामासिक शब्दानें केला आहे, असें आमचें मत आहे.

नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. क्रूसाची कथा मराठी भक्तीच्या वळणानें गावी ही त्यांची तळमळ होती. त्यांनीं ख्रिस्तायन ओवींत लिहावयास घेतलें, परंतु सुमारें अकरा अध्यायांवर १९१९ सालीं त्यांचा अंत झाला. ख्रिस्ताचें बालपण कवीच्या हातून झालें, मरण राहून गेलें. तें लिहिलें लक्ष्मीबाईंनीं. शाळेचें शिक्षण नाहीं, नवऱ्याच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षें त्याच्यापासून दूर राहून सोंवळें सांभाळलेलें, मग स्वतःच्या वाटेनें त्या श्रद्धेपर्यंत आलेली ही बाई. पतीच्या पश्चात् तिनें चौसष्ट अध्यायांची भर घालून ग्रंथ पुरा केला. त्यांत शिष्यांसहवर्तमानचें शेवटचें जेवण आहे, बागेंतील रात्र आहे, पिलाताची कचेरी आहे आणि वधस्तंभही आहे. ख्रिस्तायन १९३८ सालीं छापून निघालें, तेव्हां लक्ष्मीबाईंस जाऊन दोन वर्षें झालीं होतीं.